पेव्हर सील करण्याआधी पाण्याला वाट द्या

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की भिवंडीतल्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात एक फेरी मारून पाहा. पागोळ्यांखालचे पेव्हर ब्लॉक हिरवट-काळे पडलेले असतात. फाटकाजवळचे दोन-चार ब्लॉक खचलेले असतात. लाल ब्लॉकांवर पांढरे ओघळ उमटलेले असतात आणि दुचाकी लावायच्या जागी तेलाचे डाग पसरलेले असतात. कमिटीच्या बैठकीत विषय निघतो आणि कोणीतरी सुचवते, ‘एकदा सीलर मारून घेऊ.’

सूचना चांगली आहे, पण या चारही तक्रारींचे मूळ वेगवेगळे आहे. खचलेल्या ब्लॉकवर सीलरचा काहीही उपयोग होत नाही. शेवाळ तो कमी करतो, कायमचे थांबवत नाही. पांढरे क्षार तसेच ठेवून किंवा ब्लॉक ओला असताना सीलर लावला, तर ते आतच अडकतात. तेलाचे डाग अडवायला ठरावीक प्रकारचाच सीलर लागतो. आपल्या भागात वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. एवढ्या पाण्यापुढे नुसत्या रसायनाच्या थराचा टिकाव लागत नाही. म्हणून काम क्रमाने करायला हवे: आधी पाण्याची वाट, मग सफाई, मग वाळवण आणि सर्वांत शेवटी सीलर. हा क्रम पाळला तर सीलरचा पैसा वसूल होतो. मोडला तर पुढच्या पावसाळ्यात अंगण आधीपेक्षा वाईट दिसते.

खाली काय आहे ते आधी ओळखा

भिवंडीत अंगणांत आणि वाटांवर मुख्यतः तीन प्रकारचे साहित्य दिसते. पहिला, यंत्रावर दाबून काढलेला काँक्रीटचा ब्लॉक. याचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि तो पाणी बऱ्यापैकी शोषतो. दुसरा, रबराच्या साच्यात ओतलेला गुळगुळीत, चकाकणारा ब्लॉक. याच्या वरच्या थरातच रंग असतो आणि पृष्ठभाग घट्ट असल्यामुळे सीलर सहज आत जात नाही. तिसरी, दगडी फरशी: शहाबादी, कोटा किंवा तांदूर. या फरश्या चुनखडीच्या दगडाच्या आहेत, त्यामुळे कोणतेही ॲसिड लागताच त्या खाल्ल्या जातात. काँक्रीटवर चालणारा प्रत्येक सीलर त्यांच्यावर चालतोच असे नाही. दगडी फरशीसाठी घेताना डब्यावर चुनखडीच्या दगडाचा उल्लेख आहे का, ते वाचूनच घ्या.

आपल्या परिसरातला काळा पाषाण या तिघांहून निराळा आहे. सह्याद्रीचा हा बेसाल्ट घट्ट असतो आणि पाणी फारच कमी पितो. जुन्या वाड्याची किंवा देवळाची काळ्या दगडाची पायरी असेल तर तिला सीलरची गरज नसते. ती घासून स्वच्छ ठेवणे पुरेसे असते.

काँक्रीटच्या पेव्हरसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक २००६ साली आले आणि २०२१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. २००६ च्या वर्गवारीत पायी चालण्याच्या जागेसाठी एम-३० प्रतीचा ५० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक, हलक्या वाहनांसाठी एम-३५ प्रतीचा ६० मिलिमीटरचा, मध्यम वाहतुकीसाठी एम-४० प्रतीचा ८० मिलिमीटरचा आणि अवजड वाहतुकीसाठी एम-५० प्रतीचा १०० मिलिमीटरचा ब्लॉक सांगितला होता. ब्लॉकने किती पाणी शोषावे याचीही मर्यादा घालून दिली होती: सरासरी ६ टक्के आणि कोणत्याही एका नमुन्यात ७ टक्के. ही मर्यादा फार महत्त्वाची आहे. जो ब्लॉक याहून खूप जास्त पाणी पितो, त्याची भुकटी होतच राहणार, वर कितीही महागडा सीलर लावला तरी. नवे ब्लॉक घेत असाल तर विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागा. त्यात पाणी शोषण्याचा आकडा आहे की नाही, ते पाहा.

ब्लॉक आधीच बसवलेले असतील तर घरच्या घरी एक तपासणी करता येते. कोरड्या दिवशी चार-पाच ठिकाणी थोडे थोडे पाणी टाका. पाच मिनिटांत ब्लॉक गडद झाला आणि पाणी आत मुरले, तर तो सीलर घेईल. पाणी थेंब धरून वरच राहिले तर एक तर जुना सीलर अजून शाबूत आहे किंवा पृष्ठभाग फार घट्ट आहे. अशा जागी आत मुरणारा सीलर टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे. सावलीत, उन्हात, नळाजवळ आणि वाहन उभे राहते तिथे ही तपासणी वेगवेगळी करा, कारण एकाच अंगणात उत्तर वेगवेगळे येते.

उतार, पाया आणि सांधे

पेव्हरच्या जमिनीची ताकद तीन गोष्टींत असते: खालची दाबलेली खडी-मुरुमाची भर, तिच्यावरचा वाळूचा किंवा क्रशचा समतल थर आणि ब्लॉकांमधल्या सांध्यांत ठासून भरलेली बारीक वाळू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी-६३ या मार्गदर्शिकेत वाळूचा थर २० ते ४० मिलिमीटर आणि सांधे २ ते ४ मिलिमीटर रुंद ठेवायला सांगितले आहे. व्यवहारात मात्र मिस्त्री पाया नीट दाबण्याऐवजी वाळूच जाड पसरून समतल करतो. मग पहिल्या जोरदार पावसात ती वाळू सरकते आणि ब्लॉक खचतो. म्हणून सीलरचा विचार करण्याआधी खचलेले ब्लॉक उचलून घ्या, खाली मुरूम किंवा बारीक खडी भरून धुमसाने पक्की करा, वाळूचा पातळ थर द्या आणि मगच ब्लॉक पुन्हा बसवा. काम दोन दिवसांचे आहे, पण त्यावाचून पुढचे सगळे व्यर्थ आहे.

उतार तपासायला महागडे उपकरण लागत नाही. आपल्याकडचे कारागीर अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. फुटाला दोन सूत, म्हणजे चार फुटांना एक इंच, एवढा उतार अंगणाला पुरतो. उतार नेहमी घराच्या भिंतीपासून दूर, गटाराच्या किंवा झाडाच्या दिशेने असावा. पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन दोरी ताणली की कुठे पोट आले आहे आणि कुठे खळगा आहे, ते लगेच दिसते. आणखी सोपा मार्ग म्हणजे नळाने अंगण भिजवा आणि अर्ध्या तासाने पाहा. जिथे पाणी साचून राहिले असेल, तिथे खडूने वर्तुळ काढा. तेवढे भाग आधी दुरुस्त करायचे.

सांध्यांत सिमेंटचा घोळ ओतण्याची एक चाल आपल्याकडे पडली आहे. गवत उगवत नाही, मुंग्या येत नाहीत, असे कारण दिले जाते. पण पेव्हरची रचना लवचिक असते. प्रत्येक ब्लॉक किंचित हलतो आणि वाळू तो भार शेजारच्या ब्लॉकवर पोचवते. सांध्यांत सिमेंट घट्ट झाले की पहिल्याच वाहनाखाली त्याला चिरा पडतात, पाणी चिरांतून खाली जाते आणि परत बाहेर यायला वाट राहत नाही. सांध्यांत बारीक, कोरडी, चाळलेली वाळू किंवा दगडाची भुकटीच भरा. ती झाडूने लोटा, प्लेट कॉम्पॅक्टर फिरवा आणि पुन्हा भरा. पाण्याने घट्ट होणारी पॉलिमरची वाळूही बाजारात मिळते. ती पूर्ण कोरड्या सांध्यांत भरावी लागते आणि पृष्ठभागावर राहिलेला कण न् कण झाडून काढावा लागतो, नाहीतर पांढरी पुटे धरतात. पाणी तुंबणाऱ्या जागेत तिचा उपयोग नाही.

कामवारी नदीच्या काठच्या किंवा काल्हेर-कशेळीकडच्या खाडीलगतच्या जागेत एक गोष्ट विशेष तपासा. जमिनीतले पाणी वर असेल किंवा खारट असेल तर ओल खालून चढते. अशा ब्लॉकचा वरचा भाग सीलरने बंद झाला तर क्षार पृष्ठभागाच्या आतच साठतात, तिथे त्यांचे स्फटिक बनतात आणि ब्लॉकचे पापुद्रे सुटू लागतात. ओल खालून येत असेल तर सीलर लावू नका. बाजूने चर काढून पाण्याला वाट द्या. खाऱ्या बोअरच्या पाण्याने रोज अंगण धूत असाल, तर तेही बंद करा.

झाडांच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा मोकळी मातीची ठेवा. आंबा-नारळाच्या मुळांना पाणी आणि हवा लागते. बुंध्यापर्यंत ब्लॉक नेले तर मुळे वर येतात आणि तेच ब्लॉक उचकटून टाकतात.

कोणता सीलर कुठे

बाजारातले सीलर नावांनी अनेक असले तरी त्यांचे मुख्य प्रकार दोन. एक आत मुरतो, दुसरा वर थर धरतो.

आत मुरणारा सीलर बहुधा सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा असतो. तो काँक्रीटच्या छिद्रांच्या भिंतींना चिकटतो आणि त्या पाणी नाकारणाऱ्या बनवतो. छिद्रे मोकळीच राहतात, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडू शकते. ब्लॉकचा रंग जवळजवळ बदलत नाही, चकाकी येत नाही आणि पकडही कमी होत नाही. आपल्या पावसाला हाच प्रकार सर्वांत योग्य. मात्र साधा सिलेन-सिलोक्सेन पाणी अडवतो, तेल फारसे अडवत नाही. दुचाकी दुरुस्तीची जागा असेल, यंत्राचे तेल ठिबकत असेल किंवा तुळशीवृंदावनाभोवती रोज तेलाचा दिवा लागत असेल, तर तेलरोधक, म्हणजे फ्लोरोपॉलिमर असलेला सीलर मागा. तो महाग असतो, म्हणून पूर्ण अंगणाला न लावता तेवढ्याच पट्ट्याला लावा.

दुसरा प्रकार ॲक्रिलिकचा. तो ब्लॉकवर मेणकापड पसरल्यासारखा थर धरतो, रंग खुलवतो आणि ‘ओला’ दिसणारा चमकदार पृष्ठभाग देतो. डाग पुसून काढणे सोपे होते. पण थर ओला झाला की घसरतो. खाली थोडी जरी ओल असली तरी थर दुधी पडतो आणि उन्हापावसात तो एक ते तीन वर्षांत सोलवटतो. सोललेला थर काढण्याचे काम लावण्यापेक्षा जास्त कष्टाचे आहे. व्हरांड्यातल्या, छपराखालच्या, सपाट आणि कोरड्या जागेतच ॲक्रिलिक वापरा, आणि तेही पाण्याच्या आधाराचे. चमक हवी पण पकडही हवी, तर थरात मिसळायची घसरण-रोधक भुकटी मिळते. ती घातल्याशिवाय कोट देऊ नका.

जिथे लोक अनवाणी आणि ओल्या पायांनी चालतात, तिथे थर धरणारा सीलर नकोच. मशिदीत वजू करून आत जाण्याची वाट, देवळाचे प्रांगण, विहिरीकडची पायवाट, शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळचा पट्टा, या जागांवर लहान मुले आणि म्हातारी माणसे चालतात. एका पडण्याने मांडीचे हाड मोडू शकते. इथे खरखरीत ब्लॉक आणि आत मुरणारा सीलर, एवढेच योग्य.

माणकोली, पूर्णा, दापोडे, वळ या पट्ट्यातल्या गोदामांच्या आवारात, जिथे भरलेले ट्रक वळतात, तिथे थर धरणारा सीलर ट्रकच्या तापलेल्या टायरला चिकटून निघतो. तिथे पैसे ब्लॉकच्या जाडीवर, पायावर आणि सांध्यांच्या वाळूवर खर्च करा. माणसे चालतात त्या वाटेपुरता आत मुरणारा सीलर पुरे.

नवे ब्लॉक असतील तर एक पावसाळा जाऊ द्या

ताज्या काँक्रीटमध्ये मोकळा चुना असतो. पाण्याबरोबर तो पृष्ठभागावर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि पांढरा कॅल्शियम कार्बोनेट उरतो. नव्या ब्लॉकवर पांढरी पुटे दिसतात त्याचे कारण हे आहे. ब्लॉक खराब असल्याची ती खूण नाही. बहुतेक वेळा पाऊस आणि घासणे यांनी ती आपोआप कमी होत जातात. सीलर लवकर लावला तर मात्र तीच पुटे सीलरखाली दिसत राहतात.

साधारण सल्ला असा असतो की ब्लॉक बसवल्यावर निदान एक महिना आणि शक्य असेल तर दोन-तीन महिने थांबावे. कोकणाच्या हवामानात याहून चांगला नियम आहे: उन्हाळ्यात ब्लॉक बसवले असतील तर पूर्ण पावसाळा जाऊ द्या आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर सील करा. पावसाने क्षार धुवून निघतात, पायाही बसतो. कुठे पाणी साचते, कुठे ब्लॉक खचतो, हे सगळे एकाच हंगामात कळून येते आणि दुरुस्ती सीलरच्या आधीच होते.

हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबई परिसरात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. त्यानंतर जमीन सुकायला महिनाभर द्यावा लागतो. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत उत्तम. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडते, त्यामुळे काम सकाळी नऊ-दहानंतर सुरू करा. मार्च ते मे या काळात करायचे झाल्यास दुपारचे ऊन टाळा. तापलेल्या ब्लॉकवर सीलर आत मुरण्याआधीच उडून जातो. ब्लॉकवर तळहात ठेवून पाहा. तो सुखाने ठेवता येत नसेल, तर ती वेळ सीलर लावायची नाही.

सफाई

सफाईत घाई करू नका. सीलर लावल्यावर खाली राहिलेला प्रत्येक डाग कायमचा होतो.

शेवाळासाठी आधी कोरडा ताठ ब्रश किंवा खराटा वापरा. लोखंडी तारेचा ब्रश नको, कारण तुटलेल्या तारा गंजून तांबडे डाग पडतात. नंतर ब्लीचिंग पावडरचे पातळ द्रावण लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवा, घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. विहीर, तुळस किंवा फुलझाडे जवळ असतील तर पाणी त्यांच्याकडे जाऊ देऊ नका. एक गोष्ट कधीही विसरू नका: ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. घरातल्या बाईच्या हातात ब्लीचिंगची बादली आणि मिस्त्रीच्या हातात ॲसिडची बाटली, असे एकाच दिवशी, एकाच अंगणात होऊ देऊ नका.

बाजारात बाटलीतून मिळणारे स्वस्त ॲसिड ब्लॉकवर ओतण्याची सवय आपल्याकडे फार आहे. डाग जातो, पण त्याबरोबर सिमेंटही जाते. ब्लॉकचा रंग फिका पडतो, खडी उघडी पडते आणि पृष्ठभाग आधीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागतो. शहाबादी आणि कोटा फरशीवर तर ॲसिडचा एक थेंबही नको. पांढऱ्या क्षारांसाठी पहिला उपाय कोरड्या ब्रशने घासून झाडून काढणे हाच आहे. त्यानंतरही उरले तर क्षार काढण्याचे खास द्रावण एका कोपऱ्यात वापरून पाहा, ब्लॉक आधी पाण्याने भिजवून घ्या आणि शेवटी खूप पाण्याने धुवा.

तेलाचा डाग ताजा असेल तर त्यावर लाकडाचा भुसा किंवा सुक्या मातीचा जाड थर टाकून रात्रभर ठेवा. घासू नका, घासल्याने तेल पसरते. सकाळी झाडून घेऊन कपडे धुण्याच्या पावडरीने गरम पाण्यात घासा. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावे लागते. यंत्रमागाच्या गाळ्यासमोरच्या वाटेवर वंगणाचे काळे डाग असतील, तर तेल काढणारे द्रावण वापरून पाहा. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या आवारात सांडलेल्या खळीवर बुरशी झपाट्याने वाढते आणि जमीन निसरडी होते. ती गरम पाण्याने आणि ब्रशने लगेच काढावी, वाळू देऊ नये.

धुण्याचे प्रेशर मशीन भाड्याने घेतले असेल तर पंख्यासारखा फवारा देणारा नोझल लावा, एक फूट अंतर ठेवा आणि फवारा तिरपा धरा. सांध्यांत सरळ मारा केला तर वाळू उडून जाते. धुऊन झाल्यावर सांधे नक्की तपासा आणि वाळू पुन्हा भरा.

वाळवण आणि तिची परीक्षा

धुतल्यावर हिवाळ्यात निदान दोन-तीन कोरडे, उन्हाचे दिवस जाऊ द्या. सावलीतल्या भागाला आणखी वेळ लागतो. वरून ब्लॉक कोरडा दिसला तरी आत पाणी असू शकते. म्हणून प्लास्टिकचा साधारण दीड फूट चौरस, पारदर्शक तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने ब्लॉकवर घट्ट चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा ब्लॉक गडद झाला, तर अजून थांबा. ही परीक्षा दोन-तीन ठिकाणी करा, विशेषतः भिंतीच्या सावलीत आणि नळाजवळ.

सीलर लावताना

आधी नजरेआडच्या कोपऱ्यात दोन-तीन ब्लॉकांवर सीलर लावून एक दिवस थांबा. रंग किती बदलतो, पाणी टाकल्यावर घसरते का, पाणी थेंब धरते का, हे तिथे कळते. सोसायटीत असाल तर कमिटीतल्या चार जणांना तो कोपरा दाखवा आणि मगच पुढे जा.

साहित्याचा अंदाज असा करा. ब्लॉकच्या शोषणानुसार एक लिटर सीलर साधारण २५ ते ५० चौरस फुटांना पुरतो. ४०० चौरस फुटांच्या अंगणाला एका कोटसाठी ८ ते १६ लिटर लागतील. अंतिम आकडा डब्यावरचाच धरा. कंत्राटदार याहून फार कमी साहित्यात काम उरकत असेल, तर तो सीलरमध्ये पाणी मिसळतो आहे का, ते तपासा.

आत मुरणारा सीलर कमी दाबाच्या हातपंपाने फवारता येतो. शेतात औषध फवारलेला पंप वापरू नका, नवा घ्या. अंगणाच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यातून सुरू करून फाटकाकडे मागे मागे येत जा. पृष्ठभाग सारखा ओला दिसेल एवढाच सीलर द्या आणि कुठेही डबके होऊ देऊ नका. पाच-दहा मिनिटांत न मुरलेला सीलर रोलरने किंवा सुती कापडाने उचलून घ्या. तो तसाच वाळला तर चिकट, चमकते डाग राहतात. दुसरा कोट द्यायचा असेल तर तो बहुधा पहिला ओला असतानाच देतात. ॲक्रिलिकचे मात्र उलट आहे: पहिला पातळ कोट वाळल्यावरच दुसरा पातळ कोट. एकच जाड कोट कधीही नको. त्यात बुडबुडे राहतात आणि तो लवकर सोलवटतो.

काम झाल्यावर एक दिवस पायी चालणे आणि दोन-तीन दिवस वाहने बंद ठेवा. सोसायटीत हे सर्वांत अवघड जाते. म्हणून आवाराचे दोन भाग करा, आठवडाभर आधी फलक लावा आणि रिक्षा, दूधवाले, शाळेच्या व्हॅन कोणत्या बाजूने येतील, ते ठरवून ठेवा. काम चालू असताना हवामानाचा अंदाज पाहा. पुढचे दोन दिवस पावसाची शक्यता नसावी.

विद्रावकावर आधारलेला सीलर पेट घेतो. जवळपास विडी, वेल्डिंग, देवासमोरचा दिवा किंवा चूल नको. यंत्रमागाच्या गाळ्याजवळ कापसाची रुई उडत असते, तिथे पाण्यावर आधारलेलाच सीलर निवडा. हातमोजे, चष्मा आणि वाफ अडवणारा मास्क काम करणाऱ्या प्रत्येकाला द्या. साध्या कापडी मास्कने वाफ अडत नाही. मजुरांच्या हाताला आणि श्वासाला त्रास होऊ न देणे ही काम देणाऱ्याचीही जबाबदारी आहे. उरलेला सीलर गटारात ओतू नका. आपल्याकडचे पाणी शेवटी कामवारीत आणि खाडीतच जाते.

कंत्राट देताना कागदावर काय लिहून घ्यावे

दर चौरस फुटाला किती, एवढेच ठरवले तर नंतर वाद होतात. सीलरचे नाव आणि प्रकार, डब्यांची संख्या, कोटांची संख्या, सांध्यांची वाळू कोण भरणार, खचलेले ब्लॉक दुरुस्त करणे कामात धरले आहे की नाही आणि पाणी टाकून करायची अंतिम तपासणी, एवढ्या गोष्टी लिहून घ्या. डबे बंद स्थितीत आल्याचे स्वतः पाहा आणि त्यांवरची मुदत वाचा. शेवटचा हप्ता काम संपल्यानंतर आठवड्याने, पाण्याची तपासणी झाल्यावर द्या.

पुढची देखभाल

आत मुरणारा सीलर चांगल्या जागी साधारण तीन ते पाच वर्षे टिकतो. पागोळ्यांखाली आणि वाहनांच्या चाकोरीत तो लवकर झिजतो. तारखेवर विसंबू नका. दर दिवाळीच्या आसपास ठरावीक चार ठिकाणी लोटाभर पाणी टाकून पाहा. पाणी थेंब धरत असेल तर काही करू नका. जिथे मुरते आहे तेवढ्याच पट्ट्याला पुन्हा कोट द्या. पागोळ्यांना पन्हळ लावले तर तिथल्या ब्लॉकांचे आयुष्य वाढते आणि शेवाळही कमी येते.

वर्षाचे काम असे वाटून घ्या. मेच्या शेवटी सांधे, उतार आणि गटाराच्या जाळ्या पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस पडत असताना, पाणी कुठे साचते त्याचे फोटो काढून ठेवा. ऑक्टोबरात खचलेले ब्लॉक दुरुस्त करा, नोव्हेंबरात धुऊन वाळवा आणि डिसेंबर किंवा जानेवारीत, गरज असेल तिथेच, सीलर लावा. या वर्षी सगळ्यासाठी पैसे नसतील तर उतार आणि सांधे आधी करा. सीलर पुढच्या हिवाळ्यात लावला तरी चालेल.